गाडी कुठे लावायची?

बाहेरून आलेल्या माणसाला पनवेलात दोनच गोष्टी हव्या असतात. पुढे जायची वाट, आणि ती मिळेपर्यंत टेकायला जागा. माझी सगळी नोकरी पनवेलच्या एसटी स्थानकात वाहतूक नियंत्रक म्हणून गेली, त्यामुळे मला सगळीकडे गाड्याच दिसतात असं घरचे म्हणतात. म्हणोत. पण या गावाचा इतिहास उघडला तरी त्यात उतारू, गाड्या आणि पाणी हेच निघतं.

1778 च्या अखेरीची गोष्ट घ्या. राघोबादादांना पुण्याच्या गादीवर बसवायला निघालेली इंग्रजांची फौज मुंबईहून येऊन पनवेलला उतरली. बरोबर तोफा, दारूगोळा, बाजारबुणगे आणि ओझ्याचे हजारो बैल. बोरघाट चढल्यावर हे लटांबर इतकं रेंगाळलं, की एकेका दिवसात मैलभर वाटही सरेना. त्यांचा शूर कॅप्टन स्टुअर्ट, आपल्या लोकांचा ‘इष्टुर फाकडा’, कार्ल्याजवळ पडला आणि जानेवारी 1779 मध्ये वडगावला इंग्रजांना मान खाली घालून करार करावा लागला. इतिहासकार याचं श्रेय महादजी शिंद्यांच्या डावपेचांना देतात आणि ते रास्तच आहे. माझ्या धंद्यातला माणूस मात्र एवढंच म्हणेल, की उतारू उतरवले आणि पुढच्या गाडीची सोयच बघितली नाही!

तेव्हा घाटात चाकाची गाडी चढतच नव्हती. माल बैलाच्या पाठीवर आणि साहेब पालखीत. 1825 च्या पावसाळ्यात कलकत्त्याचा बिशप हेबर पुण्याला गेला तो याच वाटेने, पनवेलला होडीतून उतरून. 10 नोव्हेंबर 1830 ला गव्हर्नर माल्कमने बोरघाटाचा गाडीरस्ता खुला केला आणि पनवेलचं नशीब उघडलं. घाटात टोल बसला तोही तेव्हापासूनच. कळंबोलीहून द्रुतगती मार्गावर चढताना टोलच्या नावाने बोटं मोडणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं.

मुंबईहून मचवे, पडाव खाडीने यायचे ते भरतीच्या पाण्यावर. भरती असेपर्यंत होडी गावाच्या कडेला लागे. ओहोटी लागली की मधे चिखलाचा पट्टा उघडा पडे, आणि मग ज्याला धोतर वाचवायचं तो कोळ्याच्या खांद्यावर बसून काठाला येई. काठावर गाड्यांचा तळ असे. माझ्या आजोबांकडे दोन खटारे होते, भाताचे आणि मिठाचे. बंदराचे नियम त्यांना तोंडपाठ होते आणि ते कुठे लिहिलेले नव्हते. ज्याची गाडी आधी तळावर, त्याचा नंबर आधी. जू काढून ठेवलेली गाडी रांगेत धरायची नाही. पाण्याच्या कडेला एका वेळी एकच गाडी, तीही पाठीमागून लावायची, म्हणजे भरल्यावर बैल सरळ वर निघतात. आणि भरतीची खूण जिथपर्यंत येते त्याच्या खाली गाडी सोडून चहाला जायचं नाही. हा शेवटचा नियम मोडणारे वर्षाला एखाद-दुसरे असायचेच. त्यांची गाडी पाण्यातून काढायला सगळा तळ धावायचा आणि नंतर महिनाभर त्यांची टिंगल व्हायची.

गाड्या आल्या म्हणून चाकं आली. पनवेलचे सुतार चाकांसाठी नावाजलेले होते. तुंबा घडवायचा, त्यात आरे ठोकायचे, आऱ्यांवर पाट्यांचा घेर बसवायचा. मग लोहार लोखंडी धाव लालभडक तापवून चाकावर चढवणार आणि घागरीने पाणी ओतणार. धाव आवळली की सगळे सांधे एकदम करकचून बसतात. हे काम मी लहानपणी शेवटचं शेवटचं पाहिलं आहे. वाफेचा ढग, जळक्या लाकडाचा वास, आणि “मागे हो रे पोरा” असं ओरडणारा लोहार.

1850 च्या 26व्या कायद्याचा आधार घेऊन 1852 मध्ये इथे नगरपालिका आली. म्हणजे मुंबईहून पहिली आगगाडी सुटायच्या आधी आम्हाला पालिका होती. पण त्याच आगगाडीने आमचा घात केला. 21 एप्रिल 1863 ला बोरघाटातून रेल्वे सुरू झाली आणि ती गेली कल्याण-कर्जतवरून. पुण्याचा उतारू पनवेलला उतरेनासा झाला. आम्हाला रेल्वे मिळाली ती थेट 1960 च्या दशकात, दिव्याहून. आज बंदराच्या बाजूला गाळ आणि तिवरं आहेत.

या खाडीला मिळणारी गाढी नदी मात्र अजून गर्दी खेचते. माथेरानच्या डोंगरात ती उगम पावते आणि देहरंगला तिच्यावर पनवेलकरांच्या पाण्यासाठी पालिकेचं धरण आहे. त्यालाच लोक गाढेश्वर म्हणतात. जुलैमध्ये ते भरून वाहायला लागलं की रविवारी सकाळपासून धरणाकडे जाणाऱ्या नेरे गावाच्या रस्त्याला गाड्यांची रीघ. तिकडे खारघरला पांडवकडा, शंभर मीटरहून उंच धबधबा, वनखात्याच्या जागेत. दोन्हीकडे पावसाळा आला की बंदी येते. पूर्वी आदेशावर कलम 144 असायचं, 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेतलं 163 असतं.

बंदी उगाच नाही. 3 ऑगस्ट 2019 ला पांडवकड्याच्या ओढ्यात कॉलेजच्या चार मुली वाहून गेल्या. जुलै 2021 मध्ये खारघरच्या डोंगरात ओढा फुगल्याने 116 माणसं पलीकडे अडकली, अग्निशमन दलाने दोर लावून बाहेर काढली. डोंगरात पडलेला पाऊस खाली उन्हात उभ्या असलेल्या माणसाला दिसत नाही, पाणी अंगावर आल्यावरच कळतं. याबद्दल माझं कुणाशी भांडण नाही.

भांडण आहे ते पुढच्या भागाशी. नाकाबंदीला अडवलेली मोटार परत जात नाही. ती वळते आणि दिसेल त्या शेतात शिरते. गेल्या पावसाळ्यात मी भाच्याबरोबर नेऱ्याच्या बाजूला गेलो होतो. आदल्या दिवशी लावणी झालेलं खाचर, त्यात दोन मोटारी रुतलेल्या, बांध फुटलेला, आवण चिखलात लोळवलेलं. मालक बांधावर उभा होता. “भाऊ, आता पाय घालायची भीती वाटते,” तो म्हणाला आणि त्याने चिखलातून बाटलीची फुटकी काच उचलून दाखवली. पलीकडच्या हुशार शेतकऱ्याने मात्र पडीक जागेला दोरी बांधून दुचाकीला पन्नास, मोटारीला शंभर घ्यायला सुरुवात केली होती. लोक त्याला लुटारू म्हणत होते. मला तो आजोबांच्या तळावरचा माणूस वाटला. पुढे ठाकरांच्या वाडीतल्या बायका कणसं भाजत बसल्या होत्या. बंदी कडक झाली की त्यांचा आठवड्याचा एकमेव धंदा बुडतो.

गर्दी आणि बंदी दुसरीकडे कशी सांभाळतात तेही पाहा. पनवेलहून रोज रात्री कोकणात जाणाऱ्या गाड्यांत हल्ली स्कुबा करायला निघालेली पोरं असतात. मालवण-तारकर्लीला माणूस शे-दोनशे कोसांवरून येऊन समुद्राच्या तळाशी जातो. तिथला सागरी पट्टा 1987 पासून अभयारण्य म्हणून जाहीर आहे. तिथेही सगळं आलबेल नाही. 24 मे 2022 ला तारकर्लीत स्कुबाहून परतणारी होडी उलटून दोघे गेले. पण तिथे पाणी बंद होण्याची तारीख असते. साधारण 26 मे ते 31 ऑगस्ट जलक्रीडा बंद, हे सप्टेंबरचं तिकीट काढणाऱ्यालाही ठाऊक असतं आणि होडीवाल्यालाही. इतकं लांब कशाला, आमच्याच कर्नाळ्यात बघा. 1968 पासूनचं पक्षी अभयारण्य, महामार्गाला लागून. फाटकापाशी गाडी लावा, तिकीट काढा, प्लॅस्टिकची नोंद करून अनामत भरा, परत येताना वस्तू दाखवून पैसे घ्या. हुज्जत घालणारे तिथेही भेटतात, पण गाडी कुणाच्या भातात जात नाही.

जुन्या बंदरावर प्रत्येक मनाईबरोबर एक जागा सांगितलेली असे. इथे उभा राहू नकोस, तिथे राहा. आताच्या आदेशात पहिला अर्धा भाग तेवढा असतो. दुसरा लिहिणं कठीण, कारण त्यासाठी जागा शोधावी लागते, पैसे कोण घेणार ते ठरवावं लागतं आणि रविवारी स्वतः उभं राहावं लागतं.

तेव्हा महानगरपालिका, वनखातं, पोलीस आणि नदीकाठच्या ग्रामपंचायती यांना एका जुन्या नियंत्रकाची विनंती आहे. नेऱ्याच्या अलीकडे पैसे घेऊन गाड्या लावायचा तळ करा. तो चालवायला वाड्यांतल्या लोकांना द्या. तिथून पुढे खासगी वाहन सोडू नका, एसटीच्या जादा गाड्या सोडा. धरण भरून वाहू लागलं की त्याही बंद, आणि तसा फलक तळावरच लावा. पुढच्या जूनच्या आत एवढं झालं तरी पुष्कळ.