निळ्या पडद्याच्या तळची ओळ

जालन्यात डिप्लोमा किंवा इंजिनिअरिंग करताना ज्यांनी टर्बो सी++ चा निळा पडदा पाहिला, त्यांना तळची करडी ओळ आठवत असेल: एफ२ सेव्ह, एफ९ मेक, एफ१० मेनू. चित्रं नव्हती, पण माऊसने टिचकी मारली की काम व्हायचं. आजच्या टूलबारची ती चुलत आजीच.

या संपादकातल्या कळांच्या घराण्याचा जन्म अडचणीतला. १९७८ मध्ये रॉब बार्नबी यांनी वर्डस्टार हे लेखनाचं सॉफ्टवेअर लिहिलं, तेव्हा पुष्कळ कीबोर्डांना बाणांच्या कळाच नव्हत्या. म्हणून कंट्रोल दाबून ई वर, एक्स खाली, एस डावीकडे, डी उजवीकडे. १९८३ च्या टर्बो पास्कलने ही रीत उचलली, तिथून ती टर्बो सीत आली. ब्लॉकसाठी आपल्या पोरांनी पाठ केलेलं कंट्रोल-के-बी मूळचं वर्डस्टारचं.

कळा बदलायची सोय होती. टर्बो सी++ बरोबर त्यासाठी टीईएमसी नावाचा प्रोग्रॅमच येई. पण सामायिक संगणकावर कोण बदलणार? पुढच्या बॅचने बोंब मारली असती.

मर्यादा मात्र सगळ्यांच्या वाट्याला सारखी. टर्बो सीचा इंट, म्हणजे साधा पूर्णांक, १६ बिटांचा, ३२,७६७ ला संपणारा. मोंढ्याचा हिशोब लिहायला घ्या: भाव ४,०००, माल १० क्विंटल. उत्तर येतं उणे २५,५३६. माल विकून शेतकरीच देणेकरी! उत्तराला लाँग, म्हणजे मोठा पूर्णांक, केलं तरी भागत नाही, कारण गुणाकार इंटमध्येच उरकलेला असतो. भाव किंवा माल, दोहोंपैकी एक तरी आधीच लाँग हवा. शिवाय छापताना पर्सेंट-डीच्या जागी पर्सेंट-एल-डी. परीक्षेत गुण जायचे ते बहुधा इथेच.

आता पुन्हा टूलबारकडे. चित्रांची पट्टी १९९० च्या एक्सेल ३ ने रुळवली. १९९३ च्या वर्ड ६ मध्ये बटणं ओढून हवी तशी मांडता येत. ऑफिस २००७ च्या रिबनने ही मोकळीक बरीचशी काढून घेतली, २०१० मध्ये परत दिली. मधली तीन वर्षं उगाच गेली, असं माझं मत.

टर्बो पास्कलचे कर्ते अँडर्स हेल्सबर्ग पुढे मायक्रोसॉफ्टमध्ये गेले. त्यांच्या टाइपस्क्रिप्ट भाषेतच व्हीएस कोड हा आजचा संपादक लिहिलेला आहे. तिथे पट्टीवर आपलं बटण हवं तर एक्स्टेंशन लागतं. कळा मात्र कशाही बदला; कित्येक दुहेरी आज्ञांची पहिली कळ तिथेही कंट्रोल-के आहे.