लाल बॅटीचा मेन्को

शनिवारी दुपारी निशी-कासाईहून तोझाई लाइन पकडा, कुदान्शिताला गाडी बदला आणि पुढच्याच स्टेशनावर उतरा. हे जिंबोचो. निशी-कासाईत आपली माणसं पुष्कळ, आयटीच्या नोकरीपायी आलेली. त्यातलंच एक घर तुमचं. जिंबोचो ही टोकियोतली जुन्या पुस्तकांची पेठ, आणि तिच्या पोटातच बेसबॉल कार्डांची दुकानं आहेत.

अरुंद जिना चढून वर गेलात की काचेत बेसबॉलपटू शोहेई ओहतानी कार्डावर झगमगताना दिसतो. तिथे गर्दी आहे, असू द्या. मागच्या भिंतीला टेकवलेलं पुठ्ठ्याचं खोकं पुढे ओढा. त्यातली कार्डं आगपेटीपेक्षा थोडी मोठी, जाड, मऊ पडलेली. हे मेन्को. आधी मातीचे होते, मग शिशाचे झाले, मग पुठ्ठ्याचे. तुमच्या हाताला एक लागतं. गाल गुलाबी, ओठ लाल, आणि खांद्यावरची बॅटही लाल. छापताना कागद हलला असणार, कारण लाल रंग बॅटीच्या कडेबाहेर ओघळलाय. पाठीमागे एक लांबलचक आकडा आणि मिटलेल्या मुठीचं चित्र. डावीकडचा वरचा कोपरा दबून दुमडलेला.

त्या कोपऱ्यावर अंगठा ठेवा.

१९४८. शरद ऋतू. आसाकुसाकडची एक गल्ली. १० मार्च १९४५च्या हवाई हल्ल्यात हा भाग जळून गेला होता. साडेतीन वर्षं झाली तरी दोन घरांच्या मधल्या रिकाम्या जागेत पाय टाकला की खाली कोळसा करकरतो. त्याच मोकळ्या जागेत सात-आठ पोरं उकिडवी बसलीत. शेजारी दागाशिया, म्हणजे गोळ्या-बिस्किटांचं पोरांचं दुकान. दारात आजी बसलीय आणि तिच्या मागे मेन्कोंचे गठ्ठे.

तुम्हीही उकिडवे बसा. खेळ सोपा वाटतो, पण नाही. एकाने आपला पत्ता जमिनीवर ठेवायचा. दुसऱ्याने आपला पत्ता त्याच्या शेजारी असा आपटायचा की नुसत्या वाऱ्याने खालचा पत्ता उलटला पाहिजे. उलटला की तो तुमचा. आधी कोणी मारायचं यावर भांडण झालं तर पत्त्यांच्या पाठी बघायच्या. मूठ, कात्री, कागद तिथे छापलेलेच असतात. समोरच्या दांडगट पोराने त्याच्या पत्त्याला मेण चोळलंय. पत्ता जड व्हावा म्हणून दोन पत्ते एकमेकांना चिकटवलेतसुद्धा. तो नेम धरतो, पाऊल पत्त्याच्या पलीकडे आडवं टाकतो म्हणजे वारा निसटणार नाही, आणि फाट्‌! धूळ उडते. पत्ता पालथा.

तुमच्या डावीकडच्या नऊ वर्षांच्या पोराचं हे सातवं कार्ड गेलं. आता त्याच्या खिशात एकच उरलंय, आणि ते सगळ्यांना माहीत आहे.

‘‘अरे, कावाकामी लाव ना!’’

तेत्सुहारु कावाकामी. लढाई संपल्यावर हा माणूस कुमामोतोला गावी शेती करत होता. १९४६मध्ये जायंट्स या बेसबॉल संघात परतला आणि मग लाल बॅट घेऊन उभा राहिला. दुसऱ्या संघातला हिरोशी ओशिता निळी बॅट घ्यायचा. राखेच्या रंगाच्या त्या शहरात पोरांना एक लाल आणि एक निळी काठी दिसली. मला वाटतं, बेसबॉल जपानी घराघरात पोचला त्यात त्या दोन रंगांचा वाटा फार मोठा आहे. यंदा कावाकामीने पंचवीस होमरन मारलेत. चित्रकाराने त्याला लाल बॅट दिली नसती तर हा पत्ता गल्लीत कोणी घेतला नसता.

पोरगा खिशात हात घालतो. बराच वेळ हात बाहेर येत नाही. मग तो पत्ता काढतो आणि जमिनीवर ठेवतो, अगदी हळू, झोपलेल्या तान्ह्याला ठेवावं तसा.

फाट्‌!

पत्ता उचलला जातो, एका कोपऱ्यावर उभा राहतो, त्याच कोपऱ्यावर अर्धी गिरकी घेतो आणि पुन्हा उताणा पडतो. कावाकामी आभाळाकडे बघतोय. वाचला! पोरं ओरडतात, पुन्हा मारायची वेळ येते. पण पोरगा पत्त्यावर झडप घालतो, मुठीत धरतो आणि पळत सुटतो. मागून शिव्या येतात. तुम्ही उठून बघता तोवर तो वळणाआड गेलेला असतो.

जिंबोचोच्या खोक्यात आज जे मेन्को मिळतात त्यांतले काही असेच, कोणीतरी डावातून उचलून पळालं म्हणून उरलेले. खेळात गेलेले पत्ते धुळीत झिजून संपले.

अंगठा कोपऱ्यावरच राहू द्या.

१४ ऑक्टोबर १९७४. कावाकामी आता जायंट्सचा मॅनेजर आहे. १९६५ ते १९७३ सलग नऊ वर्षं त्याने जपान सिरीज जिंकून दिली आणि यंदा चुनिची संघाने ती घोडदौड थांबवली. दागाशियात आता मेन्को मागे पडलेत. १९७३पासून काल्बी कंपनीच्या खाऊबरोबर बेसबॉलपटूंची कार्डं मिळतात. त्याआधी टीव्हीवरच्या कामेन रायडरच्या कार्डांपायी पोरांनी खाऊ फेकून दिला होता, सगळ्या देशात त्याची चर्चा झाली. आता तीच पोरं ‘लकी कार्ड’ निघावं म्हणून देव पाण्यात घालून बसतात. ते निघालं की बदल्यात अल्बम मिळतो. काही संच तर देशाच्या एखाद्याच भागात विकले जायचे. त्यामुळे आजही एकेका कार्डासाठी माणसं वर्षानुवर्षं प्रदर्शनांतली टेबलं पालथी घालतात.

दुकानातल्या टीव्हीवर कोराकुएनचं मैदान. आज दोन सामने आहेत. मधल्या वेळात जायंट्सचा खेळाडू शिगेओ नागाशिमा, तीन नंबरचा शर्ट, मैदानाच्या कडेने चालत निघतो आणि रडतो. संध्याकाळी दिव्यांच्या उजेडात तो निवृत्तीचं भाषण करतो, जायंट्स अमर आहे म्हणतो. पुढच्या वर्षी मॅनेजरच्या खुर्चीत तोच बसणार, कावाकामीच्या जागी.

टीव्हीसमोर पस्तिशीचा एक माणूस उभा आहे. त्याच्या मुलाने आत्ताच पाकीट फोडलंय. मुलगा नागाशिमाचं कार्ड वर धरून नाचतोय. माणूस मात्र पडद्याच्या कोपऱ्यातल्या कावाकामीकडे बघतोय, आणि त्याचा अंगठा नकळत तर्जनीवर फिरतो, जणू कसलातरी दबलेला कोपरा सरळ करतोय.

पुढची वर्षं भराभर जातात. १९९१मध्ये बेसबॉल मॅगझिन कंपनीने पाकिटातली कार्डं काढली. ती जमिनीला कधी टेकलीच नाहीत, पाकिटातून थेट प्लॅस्टिकमध्ये गेली. मग कधीतरी एक म्हातारा जातो, घर आवरायला काढतात, कपाटामागे बिस्किटांचा पत्र्याचा डबा सापडतो. आत एकच पत्ता.

तुम्ही अंगठा उचलता. दुकानदार दोन्ही हातांनी कार्ड घेतो, उजेडात धरतो आणि कमरेत किंचित वाकतो. कोपरा दुमडलाय, माफ करा, म्हणून किंमत कमी लावलीय, असं तो सांगतो.

तुम्ही पैसे मोजता. कार्ड कवचात घालायच्या आधी तो दुमडलेला कोपरा नखाने सरळ करू लागतो, तसा तुम्ही त्याचा हात धरता.