कोन विरूपण

वाहक तरंगाचा परमप्रसर कायम ठेवून त्याच्या कोनात संदेशाप्रमाणे बदल करण्याची संदेशवहनातील पद्धत. तिचे दोन प्रकार आहेत. कंप्रता विरूपणात म्हणजे एफएममध्ये वाहकाची क्षणिक कंप्रता संदेशाच्या मूल्याच्या प्रमाणात बदलते. कला विरूपणात कला त्या प्रमाणात सरकते. कंप्रता हा कलाबदलाचा दर असल्याने संदेशाचे आधी समाकलन करून कला विरूपण केले, तर कंप्रता विरूपणच मिळते.

माहितीचे वहन : आकाशवाणीच्या यवतमाळ केंद्राचा वाहक 102.7 मेगाहर्ट्‌झचा आहे. एफएम प्रसारणात कंप्रतेचे कमाल विचलन दोन्ही बाजूंना 75 किलोहर्ट्‌झ असते, म्हणून सर्वांत मोठ्या आवाजाला हा वाहक 102.625 ते 102.775 मेगाहर्ट्‌झ इतका सरकतो. कंप्रता किती सरकली यावरून आवाजाची तीव्रता कळते, तर सेकंदाला किती वेळा मागेपुढे झाली यावरून त्याची पट्टी. ग्राहकातील विवेचक मंडल या बदलाचे पुन्हा विद्युत् दाबात रूपांतर करते.

पट्टारुंदी : तत्त्वतः या तरंगाला असंख्य पार्श्वपट्टे असतात, पण दूरचे क्षीण असतात. कार्सन यांच्या नियमाने 15 किलोहर्ट्‌झपर्यंतच्या ध्वनीसाठी 2 × (75 + 15) = 180 किलोहर्ट्‌झ रुंदी लागते. परमप्रसर विरूपणाला 30 पुरतात.

गुणदोष : विजेचा कडकडाट, यंत्रांच्या ठिणग्या यांचा उपद्रव मुख्यतः परमप्रसराला होतो. संदेश तेथे नसल्याने मर्यादक मंडल हा उपद्रव छाटून टाकते. कलेत उरलेला गोंगाट मोठ्या विचलनापुढे नगण्य ठरतो. रुंद पट्ट्याचा हा लाभ एडविन आर्मस्ट्राँग यांनी दाखवला. त्यांना 1933 मध्ये एकस्वे मिळाली. मात्र संकेत ठराविक पातळीखाली गेला, की दर्जा एकदम ढासळतो.

पल्ला कंप्रतेवर ठरतो, विरूपणावर नाही. 100 मेगाहर्ट्‌झच्या आसपासचे तरंग बहुतांशी सरळ रेषेत जातात. त्यामुळे यवतमाळपासून सरळ अंतराने सुमारे 100 किमी. दूर असलेल्या झरी-जामणी तालुक्यातील मुकुटबनसारख्या गावी ग्रहण अँटेनांची उंची, प्रक्षेपकाची शक्ती व मधला भूप्रदेश यांवर अवलंबून राहते. याउलट आकाशवाणीच्या नागपूर केंद्राचे 585 किलोहर्ट्‌झचे मध्यम तरंग जमिनीलगत दूर पोहोचतात.

उपयोग : मुंबई दूरदर्शनवर 1972 पासून चित्र परमप्रसर विरूपणाने, तर ध्वनी कंप्रता विरूपणाने जात असे. आकाशवाणीचे पहिले एफएम प्रसारण 23 जुलै 1977 रोजी मद्रासहून झाले. अंकीय संदेशवहनात शून्य व एक या अंकांसाठी वेगवेगळ्या कंप्रता किंवा कला वापरतात. जीएसएम मोबाइल व उपग्रह दुवे याच तत्त्वावर चालतात.