छत्र, अब्दागिरी आणि करवती काठ

ज्ञातीच्या स्मरणिकांतून कुळांची व कर्त्या पुरुषांची माहिती येते, ती योग्यच होय. परंतु ज्या मागावर आपल्या कोष्टी पूर्वजांची पोटे भरली, त्या मागाचा इतिहास मागे पडावा हे आम्हांस खटकते.

६ जून १६७४ रोजी रायगडावर शिवाजी महाराज छत्रपती झाले, हे शाळेतील पोरही सांगेल. छत्राखाली कोण बसले याची नोंद इतिहास ठेवतो. छत्र विणणाऱ्या हातांची सहसा ठेवीत नाही.

छत्री मूळची पावसाची नव्हे, उन्हाची. अब्दागिरी हा शब्द फारसी 'आफताबगीर'वरून आला. आफताब म्हणजे सूर्य. लांब काठीवरचे, पानाच्या आकाराचे हे जरीकामाचे साधन सरदारांच्या स्वारीत उन्हाच्या बाजूस धरीत. माउलींच्या पालखी सोहळ्यात ते आजही दिसते. पावसाची सोय गरिबांनी आपली आपण केली : बांबूच्या कामट्यांचा सांगाडा, वर पळसाची पाने, झाले इरले! दोन्ही हात मोकळे राहतात, ही त्याची खरी खुबी. पुढे १८५२ साली इंग्लंडात सॅम्युएल फॉक्सने पोलादी काड्या काढल्या आणि काळी छत्री जगभर गेली.

आमचा कोरपना भाग निजामाच्या मुलखातील राजुरा तालुक्यात होता. १९५६ साली तो द्विभाषिक मुंबई राज्यात आला व १९५९ साली चांदा जिल्ह्यास जोडला गेला. इकडे कापूस उदंड. टसराचे माहेर मात्र पूर्वेस, नागभीड-आरमोरीकडे. तेथे ढिवर बांधव ऐनाच्या झाडांवर किडे पाळतात, कोश उकळून सूत निघते आणि कोष्टी ते विणतो. काठ सुती, अंग टसराचे. तीन धोटे चालतात. काठाचा व अंगाचा बाणा प्रत्येक ओळीत एकमेकांत अडकवीत करवतीचे दात उठवावे लागतात. हे काम मंद आणि डोळे खाणारे. १८७७ साली नागपुरास एम्प्रेस मिल निघाली, गिरणीचे कापड स्वस्त झाले आणि घरोघरचे माग अडगळीत गेले. आपल्याच घरांतील लग्नांत नायलॉन शिरले, त्याचा दोष गिरणीला कसा द्यावा?

तरुणांपुढे आम्ही एक काम ठेवतो. टसर पाऊस अडवीत नाही, पण ऊन अडविते. तेव्हा या कापडाची उन्हाची छत्री करावी. आठ पाकळ्या लागतात. पन्हा पाकळीच्या उंचीइतका विणून पाकळ्या आलटून पालटून उलट-सुलट कापल्या, तर दोन्ही काठ कामी येतात, कापड फारसे वाया जात नाही आणि करवत छत्रीच्या घेराभर फिरते. मात्र पाकळीच्या तळाशी दात पुरे मोजूनच बसले पाहिजेत. एखादा दात शिवणीवर तुटला की सारा घेर वाकडा दिसू लागतो. म्हणून कात्री लावण्याआधी विणकर आणि शिंपी यांनी एका सतरंजीवर बसून दात मोजावेत.