पिंपरी ते चाकण : एका दिवसात पाहिलेला इतिहास

आपल्या वर्गातली कितीतरी मुलं दहावीनंतर आयटीआय करून पिंपरी-चिंचवडच्या वाटेला लागली. मीही त्यांतलाच. गावी शेती करत राहिलेल्या आपल्याच एका वर्गमित्राचा गेल्या हिवाळ्यात फोन आला. आपल्या शिवारात औद्योगिक वसाहत येणार, अशी चर्चा तिकडे सुरू होती. म्हणाला, "एक दिवस येतो. पण कंपन्या दाखवू नको. कंपन्यांच्या आधी तिथं काय होतं आणि त्याचं पुढं काय झालं, ते दाखव."

वल्लभनगरला एसटीतून उतरल्यावर आम्ही आधी हिंदुस्थान अँटिबायोटिक्सकडे गेलो. इथे तिला सगळे 'एचए कंपनी' म्हणतात. १९५४ साली जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने केंद्र सरकारने ती उभारली आणि सरकारी कारखान्यात पेनिसिलीन तयार होऊ लागलं. पिंपरीच का? मुंबई-पुणे रस्ता जवळ, १८५८ पासूनची रेल्वे, पवनेचं पाणी आणि मोकळी जमीन. "मोकळी म्हणजे कुणाची?" मित्राने विचारलं. मोकळी म्हणजे शेतीची.

१९६२ मध्ये एमआयडीसी स्थापन झाली आणि जमिनी घेण्याला वेग आला. टेल्को, बजाज ऑटो आणि त्यांना सुटे भाग पुरवणारी शेकडो वर्कशॉप उभी राहिली. १९७० मध्ये पिंपरी, चिंचवड, आकुर्डी आणि भोसरी या गावांची मिळून नगरपालिका झाली, १९८२ मध्ये महापालिका. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सतरा लाखांवर गेली होती.

चिंचवडला पवनेच्या काठी मोरया गोसावींची समाधी आहे. तिथून जवळच चापेकरांचा वाडा. प्लेगच्या काळातल्या जुलमाचा सूड म्हणून २२ जून १८९७ च्या रात्री दामोदर आणि बाळकृष्ण या भावांनी रँडवर हल्ला केला. पुढे वासुदेवसह तिघेही भाऊ १८९८-९९ मध्ये फासावर गेले. शाळेत गुरुजींनी शिकवलेला हा धडा मित्राला तारखेसकट पाठ होता. चिंचवड आता शहराच्या पोटात असलं, तरी त्या गल्ल्यांतून फिरताना जुनं गाव अजून हाताला लागतं.

आकुर्डीला बजाजच्या फाटकासमोर चहा घेतला. १९७२ पासून 'चेतक' स्कूटरने या भागाला नाव दिलं. नंबर लावून वर्षानुवर्षं वाट पाहायची ती स्कूटर. २००७ मध्ये आकुर्डीतलं वाहन-उत्पादन थांबलं. २०२२ मध्ये त्याच आकुर्डीत विजेवर चालणाऱ्या चेतकचा कारखाना सुरू झाला. मित्र बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "म्हणजे कंपनी बंद होते, परत चालूही होते. शेत तेवढं परत होत नाही."

त्यावर मी त्याला माझ्या पहिल्या खोलीच्या मालकांची गोष्ट सांगितली. त्यांचं शेत संपादनात गेलं. आलेल्या पैशांतून त्यांनी दहा पत्र्याच्या खोल्या बांधल्या आणि आमच्यासारख्या पोरांना भाड्याने दिल्या. त्यांच्या भावाचा वाटा दोन लग्नांत आणि एका ट्रकमध्ये संपला. तो ट्रकही टिकला नाही. एकच शिवार, एकच मोबदला, पण दोन घरांचं नशीब वेगळं निघालं. निगडी-प्राधिकरणात तर १९७२ नंतर जमिनी दिलेल्या कितीतरी कुटुंबांना साडेबारा टक्के परताव्यासाठी अनेक दशकं खेटे घालावे लागले. हे सगळं मित्राने खिशातल्या डायरीत लिहून घेतलं.

दुपारी तळवडेमार्गे इंद्रायणी ओलांडून महाळुंग्याला आलो. कंपन्यांच्या भिंती, कंटेनरच्या रांगा, मधूनच कांद्याचं एखादं वावर. चाकण ही मूळची कांद्याची बाजारपेठ. २००९ मध्ये फोक्सवॅगनचा कारखाना सुरू झाला आणि पुढे चाकण म्हणजे मोटारी असं समीकरण झालं. पण चाकणचं नाव त्याआधीही दूरवर गेलं होतं. १६६० मध्ये शायिस्ताखानाच्या प्रचंड फौजेपुढे फिरंगोजी नरसाळ्यांनी इथला संग्रामदुर्ग हा भुईकोट दोन महिन्यांच्या आसपास लढवला. शेवटी सुरुंगाने बुरूज उडाला, तेव्हाच किल्ला पडला.

उरलेल्या तटाजवळ उभं राहून मित्र म्हणाला, "लेका, फिरंगोजींचं नाव आपल्याला माहीत आहे. त्यांच्याबरोबर लढले त्यांची नाही. सातबाऱ्यावरून नाव उतरलं की आमचंही तसंच होणार."

जमीन द्यावी की नाही, यावर त्याने मला सल्ला विचारला नाही आणि मीही दिला नाही. मात्र परताव्याची अट लेखी घ्या, पैसा आणि जमीन दोन्हींत सर्व वारसांची नावं लावा, एवढं इथल्या अनुभवावरून सांगितलं. ते त्याने पुढे ग्रामसभेत मांडलं.

या स्मरणिकेच्या निमित्ताने माझी एक विनंती आहे. आपल्यापैकी जे कोणी या पट्ट्यात आले, त्यांनी कोणत्या साली, कोणत्या खात्यात, कुणाच्या खोलीवर राहून काम केलं, ते दोन पानांत लिहावं. आणि ती खोली ज्या शेतात उभी होती, त्या शेताचं नाव आठवत असेल तर तेही लिहावं. गुरुजींनी आपल्याला इतिहास शिकवला. हा भाग मात्र त्यांच्या पुस्तकात नव्हता, तो आपल्याकडे आहे.