माणसे व पाळीव प्राणी यांचे पिण्याचे पाणी

रोगजंतू, विषारी द्रव्ये व अपायकारक क्षार यांपासून मुक्त, अथवा हे घटक निर्धारित मर्यादेच्या आत असलेल्या पाण्यास पिण्यायोग्य पाणी म्हणतात. भारतात त्याचे निकष भारतीय मानक आयएस १०५०० (२०१२) यात दिले आहेत. हे मानक माणसांच्या पाण्यासाठी असले, तरी पशुपालक घरांत माणूस, गाय, म्हैस, कुत्रा, मांजर व कोंबड्या यांचे पाणी बहुधा एकाच विहिरीतून, कूपनलिकेतून वा नळातून येते. त्यामुळे एकाच्या मलमूत्राने दूषित झालेले पाणी दुसऱ्याच्या आजाराचे कारण ठरू शकते.

कोल्हापूर जिल्ह्यातील स्थिती

गडहिंग्लज तालुक्यातील नेसरी हे गाव घटप्रभा नदीच्या खोऱ्यात येते. जिल्ह्यातील नद्यांवर ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळा संपताना त्यांत बरगे घालून पाणी अडवले जाते व पुढील पावसाळ्यापूर्वी ते काढले जातात. या बंधाऱ्यांमुळे उन्हाळ्यातही पाणी उपलब्ध होते. मात्र प्रवाह थांबल्याने वरून आलेले सांडपाणी, शेतातील खतांचे अंश व जनावरे धुतलेले पाणी तेथेच साचून राहते. पहिल्या पावसात याच्या उलट घडते आणि काठावरील शेण, माती व घाण एकदम पात्रात उतरते. जलजन्य साथींच्या दृष्टीने हे दोन्ही काळ जोखमीचे होत.

जिल्ह्याने याची किंमत मोजली आहे. १९८१ मध्ये कोल्हापूर शहरात आणि २०१२ मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यामुळे काविळीची मोठी साथ आली. इचलकरंजीच्या साथीस हिपॅटायटिस ई हा विषाणू कारणीभूत होता व तीत काही रुग्ण दगावले. हा विषाणू गर्भवतींना विशेष घातक ठरतो. भारतातील अशा साथींत तो माणसाच्याच विष्ठेतून पाण्यात येतो. गुरांना दोष देण्याचे येथे कारण नाही.

प्राणी व माणसे यांचे सामाईक आजार

लेप्टोस्पायरोसिस हा याचा ठळक नमुना आहे. उंदीर, कुत्रे, गुरे व डुकरे यांच्या मूत्रातून लेप्टोस्पायरा जंतू पाण्यात उतरतात आणि त्वचेवरील जखमेतून किंवा डोळे, नाक व तोंड यांच्या नाजूक आवरणातून शरीरात शिरतात. मुंबईत जुलै २००५ च्या महापुरानंतर या रोगाची साथ आली होती. कुत्र्यांसाठी या रोगाची लस उपलब्ध आहे.

वासरांच्या हगवणीतून पसरणारा क्रिप्टोस्पोरिडियम हा परजीवी अधिक चिवट असतो. क्लोरीनच्या नेहमीच्या मात्रेने तो मरत नाही, पाणी उकळल्यास मात्र मरतो. म्हणून गोठ्याजवळच्या विहिरीत केवळ औषध टाकून लहान मुलांना ते पाणी देणे पुरेसे नसते.

रासायनिक दूषितांमध्ये नायट्रेट महत्त्वाचे आहे. त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. जास्त नायट्रेटमुळे रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता घटते. याचा धोका सर्वांत जास्त तान्ह्या बाळांना असतो. रवंथ करणाऱ्या जनावरांच्या पोटात नायट्रेटचे अधिक विषारी नायट्राइट होत असल्याने गुरेही त्यास लवकर बळी पडतात. पाणी उकळल्याने नायट्रेट जात नाही. उलट पाणी आटल्याने त्याचे प्रमाण वाढते. साचलेल्या पाण्यावर निळसर-हिरवा थर दिसल्यास तेथे गुरे वा कुत्री सोडू नयेत, कारण काही नील-हरित शैवालांचे विष त्यांना काही तासांत मारू शकते.

शुद्धीकरण

ग्रामपंचायतीच्या योजनांत पाणी सामान्यतः टीसीएल, म्हणजे विरंजक चूर्ण, वापरून निर्जंतुक केले जाते. चांगल्या प्रतीचे सुमारे अडीच ग्रॅम चूर्ण हजार लिटर स्वच्छ पाण्यास पुरते. पाणी गढूळ असल्यास क्लोरीन गाळातच खर्च होतो, म्हणून आधी तुरटीने गाळ बसवावा लागतो. चूर्ण टाकल्यावर किमान अर्धा ते एक तास थांबणे आवश्यक असते. उघड्या पिशवीतील जुन्या चूर्णाचा जोर उतरलेला असतो, ही गोष्ट गावोगाव दुर्लक्षिली जाते. नळाच्या पाण्यात ओटी द्रावणाचे थेंब टाकून पिवळा रंग येतो का हे जलसुरक्षक पाहतो. मानकानुसार लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असावा आणि १०० मिलिलिटर पाण्यात ई. कोलाय जंतू मुळीच आढळू नयेत.

महाराष्ट्रात जलस्रोतांच्या स्वच्छता सर्वेक्षणानंतर जोखमीनुसार ग्रामपंचायतींना हिरवे, पिवळे वा लाल कार्ड दिले जाते. लाल कार्ड स्रोताभोवतीच्या अस्वच्छतेची तीव्र जोखीम दाखवते. विहिरीचा कठडा फुटका असणे, शेजारी उकिरडा असणे किंवा गुरे तेथेच धुणे अशी तिची कारणे असू शकतात. घरातील महागडे शुद्धीकरण यंत्र ही कारणे दूर करत नाही, आणि गोठ्यातील जनावरांना तर त्याचे पाणी मिळतही नाही.

प्राण्यांना पाणी देणे

निरोगी कुत्र्याला दिवसाकाठी वजनाच्या दर किलोमागे साधारण ५० ते ६० मिलिलिटर पाणी लागते. दुभत्या गाई-म्हशींची गरज चारा, ऋतू व दुधाच्या प्रमाणानुसार बदलते. उन्हाळ्यात ती बऱ्याचदा ६० लिटरच्या पुढे जाते. मांजरे स्वभावतः कमी पाणी पितात, म्हणून त्यांचे भांडे उथळ, रुंद व अन्नापासून दूर ठेवावे. भांड्याच्या तळाशी जमणारा बुळबुळीत थर जंतूंचा असतो आणि तो केवळ पाणी बदलल्याने निघत नाही, घासावाच लागतो. गुरांचा हाळ विहिरीला खेटून न बांधता उताराच्या बाजूस अंतरावर बांधावा, जेणेकरून सांडलेले पाणी विहिरीत परतणार नाही.

निर्जंतुकीकरणानंतर नळाच्या पाण्यात उरणारा क्लोरीन पाळीव प्राण्यांना अपाय करत नाही. याला एक अपवाद आहे. कोंबड्यांना राणीखेत रोगाची लस पाण्यातून देताना क्लोरीनमुळे लसीतील जिवंत विषाणू मरतो. अशा वेळी क्लोरीनविरहित पाणी वापरतात किंवा पाण्यात आधी थोडी साय काढलेल्या दुधाची भुकटी मिसळतात.