राजा आपण होऊन राज्य देतो तेव्हां



दुसऱ्या महायुद्धानें जीं सिंहासनें उलथून टाकलीं, त्यांत बल्गेरियाचें एक होतें. जर्मनीच्या बाजूस गेलेला तेथील राजा बोरिस १९४३ च्या ऑगस्टांत वारला आणि राजमुकुट सहा वर्षांच्या सिमेऑनच्या मस्तकीं आला. पुढच्याच वर्षीं सोव्हिएट सैन्य देशांत शिरलें व ९ सप्टेंबर १९४४ रोजीं सत्ता पालटली. बालराजाच्या नांवें कारभार पाहणाऱ्या तिघांना १९४५ च्या फेब्रुवारींत गोळ्या घालण्यांत आल्या; १९४६ मध्यें सार्वमत घेऊन राजपदच मोडींत काढलें गेलें. वर्गांत हा भाग शिकवितांना एखादा चौकस मुलगा विचारी, "गुरुजी, राजा आपण होऊन राज्य सोडीत नाहीं का?" त्याच्या उत्तरासाठीं मला युरोपांत जावें लागत नसे.

औंध संस्थान हें तें उत्तर. आपल्या गणेशखिंडीपलीकडचें औंध नव्हे. पुणेकरांचा येथें हटकून घोटाळा होतो. हें औंध सातारा जिल्ह्यांतील. संस्थान लहान, सारीं ७२ गांवें, तींहि आटपाडी, कुंडल, गुणदाळ अशीं तुकड्यातुकड्यांत विखुरलेलीं. भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधि यांचें नांव सूर्यनमस्कारांसाठीं व भांडारकर संस्थेच्या महाभारतास दिलेल्या साहाय्यासाठीं आपणांस ठाऊक असतेंच. १९३८ मध्यें त्यांची सत्तरी झाली, आणि त्यांनीं राज्य प्रजेच्या हातीं देण्याचें जाहीर केलें. त्यांचे चिरंजीव बॅरिस्टर आप्पासाहेब आणि पोलंडहून आलेले यंत्रज्ञ मॉरिस फ्रीडमन हे गांधीजींकडे गेले, त्यांच्या सल्ल्यानें घटना तयार झाली व २१ जानेवारी १९३९ रोजीं ती अंमलांत आली. गांवानें पांच पंच निवडावे, तंटे त्यांनींच तोडावे, आणि खालून वर तालुका व विधिमंडळ उभें राहावें, अशी ती रचना. मतदार साक्षर असावा असा गांधीजींचा आग्रह होता. मास्तर असूनहि मला हा आग्रह पटत नाहीं; अक्षर न ओळखणारा शेतकरी पाण्याचा तंटा आपल्याइतकाच जाणतो.

त्याच वर्षीं युद्ध पेटलें. १९४२ नंतर साताऱ्याच्या भागांत क्रांतिसिंह नाना पाटलांचें प्रतिसरकार उभें राहिलें. त्याचें एक मोठें ठाणें कुंडल, म्हणजे औंधचाच मुलूख. संस्थानच्या हद्दींत इंग्रजी पोलिसांना परस्पर शिरतां येत नसे, आणि भूमिगतांना तेथें आसरा मिळे. राजा सिंहासनावर होता आणि त्याच्याच गांवांत लोक इंग्रजी राज्य मोडीत होते! तरीहि येथें राजाच्या केसाला कोणीं धक्का लावला नाहीं. पुढें हेच नाना पाटील कम्युनिस्ट झाले आणि १९५७ मध्यें त्या पक्षातर्फे लोकसभेंत गेले. बल्गेरियांत कम्युनिस्ट परक्या सैन्यामागून सत्तेवर आले. साताऱ्यांत ते मतपेटींतून निवडून आले.

परंतु ही कथा येथें गोड होऊन संपत नाहीं. ८ मार्च १९४८ रोजीं औंध मुंबई प्रांतांत विलीन झालें. राजानें अधिकार पूर्वींच सोडलेला होता. या वेळीं गेला तो पंचायतींचा. दहा वर्षेंहि न झालेली ती घटना संपली, आणि तंटा घेऊन तालुक्याच्या कचेरींत खेटे घालणें पुन्हां सुरू झालें. मोठ्या राज्याला एवढ्याशा संस्थानाची निराळी घटना पेलली नसती, हें मलाहि समजतें. पण ज्यांना आपला कारभार आपण पाहण्याची संवय लागली होती, त्यांची बाजू शालेय पुस्तकांत मला कधीं आढळली नाहीं. बाळासाहेब १९५१ मध्यें वारले.

त्या घटनेच्या दिवसांतील एक गोष्ट मात्र टिकली. फ्रीडमन यांच्या कल्पनेवरून १९३९ मध्यें आटपाडीजवळ स्वतंत्रपूर ही कैद्यांची खुली वसाहत वसविली गेली. तटबंदी नाहीं, बेड्या नाहींत. कैद्यांनीं शेती करावी आणि आपल्या बायकामुलांसह राहावें. याच वसाहतीवरून शांतारामबापूंनीं १९५७ मध्यें 'दो आँखें बारह हाथ' हा चित्रपट काढला, आणि त्याची कथा लिहिणारे ग. दि. माडगूळकर हेहि आटपाडीजवळच्या माडगुळ्याचेच.